मध्यावर फूल नाही

तोकोरोआ
९ मार्च १९८६

अकाइती आत्या, किया ओराना.

तू दर पत्रात भावाची खुशाली विचारतेस आणि मी दर वेळी "बाबा बरे आहेत" असं लिहून मोकळी होते. आज खरं लिहिते. साखरेने त्यांचा डावा पाय गेला हे तुला माहीत आहे. आता मूत्रपिंडंही दमली आहेत. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं मिळाली तर नशीब. बाबांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ते डॉक्टरला म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीसमोर उभा होतो, तिने नाही नेलं. साखरेला नेऊ दे." आणि मला म्हणाले, बेटावर, मंगाइयाला न्यायचं नाही, इथेच तुझ्या आईशेजारी.

म्हणजे त्यांना गुंडाळायचं शेवटचं पांघरूण, त्यांचं तिवाएवाए, मला करायचंय. आई गेली तेव्हा तू कापलेल्या तिवाएवाएत तिला गुंडाळलं आणि ते तिच्याबरोबर मातीत गेलं. तेव्हा मी नुसती बघत होते. गेली अठरा वर्षं दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये बसून मी दुसऱ्यांनी कापलेल्या फुलांच्या कडा दुमडत आले आहे. माझा टाका बारीक आहे असं सगळ्या म्हणतात. पण टाका घालणाऱ्या चाळीस आणि कात्री धरणारी ताउंगा एखादीच. बाबांसाठी मला स्वतः कापायचं होतं.

कापलं. लाल कापडाची आठ पदरी घडी घातली, कुणाला विचारलं नाही, सरळ कात्री चालवली. उघडून पांढऱ्या कापडावर बसवलं, लाल जास्वंद. शिवून पुरं झालं आहे, फोटो सोबत आहे. आमच्या बायकांची म्होरकी तेरेआपी म्हणाली, "किती सुंदर." तेरेआपी करपलेल्या डोनटलाही सुंदर म्हणते. तू कधी कुणाची भीड ठेवली नाहीस म्हणून तुला पाठवतेय. कौतुक नको. हे बाबांच्या अंगावर घालण्याच्या लायकीचं आहे का, एवढं सांग.

तुझी तेपाएरू


ओनेरोआ, मंगाइया
२१ एप्रिल १९८६

तेपाएरू पोरी,

तीन आठवडे विमान आलं नाही, पत्र काल मिळालं. भावाचं वाचून रडले, मग तारोच्या कंदांच्या वाफ्यात जाऊन दिवसभर चिखल तुडवला. त्याच्याबद्दल एवढंच. आता तू विचारलंस त्याचं उत्तर.

नाही.

तुझ्या जास्वंदी हजेरीला उभ्या केलेल्या पोरांसारख्या उभ्या आहेत. एकही दुसरीकडे बघत नाही. पाकळी कशावरून कापलीस, साबणाच्या खोक्यावरून? पानाच्या बुडाशी कात्री अडखळली आहे, फोटोतसुद्धा दिसतं. आठ पदरी घडीत एक चूक आठ ठिकाणी उमटते, हे अठरा वर्षं कडा दुमडणाऱ्या बाईला मी सांगायचं का? कापड उघडल्यावर मध्यावर भोक पडतं, ते झाकायला वेगळं फूल लावलंस, ते ठीक. आपल्या घरात सगळ्याच लावतात. पण तुझं ते फूल बशीएवढं झालंय. काहीतरी लपवायला लावलंय हे लांबून कळतं.

टाका मात्र खरंच बारीक आहे. असल्या कापावर असला टाका घालणं म्हणजे कुजक्या तारोवर नारळाचं दूध ओतणं झालं.

मी सोळा वर्षांची असताना आईने माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि दोन वर्षं परत दिली नाही. मी काही मेले नाही. उसव आणि पुन्हा कर. माझ्या भावाला, तुतेरूला, आशीर्वाद सांग, आणि म्हणावं औषध वेळेवर घे, लहानपणीसारखं केळीच्या बुंध्यात थुंकू नकोस.

तुझी आत्या


तोकोरोआ
३० ऑगस्ट १९८६

आत्या,

उसवलं. शिवायला चार महिने लागले होते, उसवायला सहा आठवडे. टाका बारीक असण्याचा तोटा कळला. लाल कापड भोकाभोकांचं झालं, त्याची फडकी केली. केळीच्या बुंध्याचं बाबांना सांगितलं तर हसता हसता त्यांना ठसका लागला.

साबणाच्या खोक्यावरून नाही, कॅलेंडरवरून कापली होती. तू ओळखलंस तेव्हा मला फार लाज वाटली. मी इकडे आले तेव्हा नऊ वर्षांची होते. जास्वंद मला आठवत नाही, तिचं नाव आठवतं. मी काम करते त्या इस्पितळाच्या धुलाईघराच्या खिडकीतून दिसतात ते पाईन. पहाटे दव गोठलेलं असतं, तेव्हा खालच्या फांद्या जड होऊन जमिनीकडे येतात. बाबांनी आयुष्यभर तीच झाडं चिरली. मग मी बाबांना जास्वंद कशासाठी घालतेय, असं मला वाटलं.

म्हणून पाईन कापला, बोंडांसकट. मातकट रंगावर काळपट हिरवा. अर्धा शिवून झालाय. मध्यावर भोक पडलंच नाही, त्यामुळे फूल लावलेलं नाही. चांगला आहे की वाईट, मला कळत नाही. हॉलमध्ये कुणाला दाखवला नाही, आधी तुला.

बाबांच्या मांडीवर पसरला तेव्हा ते बराच वेळ हात फिरवत बसले. म्हणाले, "हा कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"बारा नंबरच्या रस्त्यावरचा आहे. तिथलेच असे खाली झुकतात. खालपर्यंत ऊन पोचत नाही ना."

मी असा कुठला रस्ता मनात धरला नव्हता. पण चहा झाला तरी ते कापड सोडेनात. तुझ्या उत्तराची वाट बघते, घाबरून.

तेपाएरू


ओनेरोआ
२ डिसेंबर १९८६

तेपाएरू,

उशीर झाला. विमानाला दोष देत नाही, मीच लिहिलं नाही.

फोटो पाहिला. पाईन हे सरपण आहे. आपण माणसावर फुलं पांघरतो, निरफणसाची पानं पांघरतो, जे परसात वाढलं, ज्याने खायला घातलं ते पांघरतो. तुझ्या आजीने कधी काटेरी झाड कापलं नाही, तिच्या आईने नाही. माझा भाऊ समुद्र ओलांडून गेला तो काय करवतीच्या भुशात पुरून घ्यायला? आणि ती बोंडं शेळीच्या लेंड्यांसारखी दिसतात.

दुसरं असं की नमुना मागायचा असतो, पोरी. मोठीकडे जायचं, मागायचा, मग ती देते. दिल्याशिवाय कुणी घेत नाही आणि आपल्या मनाने कुणी काढत बसत नाही. दोन कापडं कातरलीस आणि ताउंगा झालीस. कानामागून आली आणि तिखट झाली.

सोबत खाकी कागदावर निरफणसाच्या पानाचा नमुना पाठवते. माझ्या आईचा आहे. वेळ थोडा उरलाय. भावाचं शेवटचं पांघरूण म्हणजे तुझी शिकायची पाटी नव्हे. हे शिव.

आत्या


तोकोरोआ
१८ जानेवारी १९८७

आत्या,

तुझं पत्र आल्यापासून पाईनचा फोटो स्वयंपाकघरात चिकटवून ठेवला आणि तुझ्या डोळ्यांनी बघत राहिले. पहिल्या दिवशी तुझा राग आला. आठवड्याने बोंडं खरोखर लेंड्यांसारखी दिसायला लागली. त्यानंतर फांद्याही डोळ्यांपुढे नकोशा झाल्या. काल शेवटचा टाका उसवला.

बाबा म्हणाले, "माझा झुकलेला कुठे गेला?" मी म्हटलं, धुवायला टाकलाय. मी धुलाईघरात असते म्हणून त्यांना ते खरं वाटलं.

तुझं निरफणस उद्या कापते. तू कुणाचं मन राखायला खोटं बोलत नाहीस, हा मला मोठा आधार आहे. तू नसतीस तर मी तेरेआपीच्या "किती सुंदर"वर आयुष्य काढलं असतं.

तेपाएरू


ओनेरोआ
११ मार्च १९८७

शहाणी पोर,

ऐकलंस, बरं वाटलं. पानाच्या शिरा दोऱ्याने भरताना दोरा ओढू नकोस, कापड आकसतं. टोकं दुमडताना सुईच्या अणीने आत ढकल, नखाने नाही. मध्यावरचं फूल तळहातापेक्षा लहान ठेव.

एक सहज विचारते. त्या तुझ्या पाईनमध्ये मध्यावर भोक कसं पडलं नाही? इथे एक मुलगी शिकायला येते, ती विचारत होती. तो नमुना कागदावर आहे का?

तुतेरूला सांग, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते.

आत्या


तोकोरोआ
२४ मे १९८७

आत्या,

कागदावर नव्हताच, सरळ कापला होता. भोकाचं म्हणशील तर त्यात माझी हुशारी नाही. सगळ्याजणी घडीच्या टोकापासून सुरुवात करतात, कारण तसंच शिकवलं जातं. माझी कात्री धुलाईघरातली बोथट, जाड टोकात शिरेना. म्हणून मी बाहेरच्या कडेकडून आत आले आणि टोकाच्या दोन बोटं अलीकडेच वळवली. उघडल्यावर फांद्या मधोमध एकमेकींत गुंतलेल्या निघाल्या. तुझ्या मुलीला सांग, कात्रीला धार लावू नकोस म्हणावं.

बाबा आता अंथरुणातच असतात. तारोची पानं नारळाच्या दुधात शिजवून रुकाऊ करून दिलं, दोन घास खाल्ले. निरफणस निम्मं झालंय. हॉलमधल्या बायका मदतीला येतात. नमुना तुझा म्हटल्यावर सगळ्या हात धुऊन शिवायला बसतात.

तेपाएरू


तोकोरोआ
८ नोव्हेंबर १९८७

आत्या,

तार मिळाली असेलच. बाबांना शनिवारी आईशेजारी ठेवलं.

शेवटच्या आठवड्यात ते नीट शुद्धीवर होते. बुधवारी म्हणाले, "आण की तो झुकलेला." मी निरफणस आणून पसरलं. त्यांनी बघितलं, चांगलं आहे म्हणाले, आणि बाजूला सारलं. मग म्हणाले, "तुमच्या धुलाईघरात एक चादर धुवायला दहा महिने लागतात का गं?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

हॉल भरला होता. त्यांना गुंडाळून झाल्यावर रिवाजाप्रमाणे तेरेआपी उभी राहिली आणि नमुन्यामागे कुणाचा हात आहे ते सांगितलं. "हा मंगाइयाच्या अकाइतीचा हात." सगळ्या बायकांनी हुंकार भरला. काही रडल्या, ते बाबांसाठी की तुझ्या पानांसाठी ते कळलं नाही. टाके माझे होते. टाक्यांचं नाव घ्यायची पद्धत नाही, हे मला माहीत आहे.

ते फार सुंदर झालं होतं, आत्या. एकही चूक नव्हती. मी पेटीजवळ उभी राहून शेवटपर्यंत चूक शोधत होते. एखादी सापडली असती तर त्यात मीही आहे असं वाटलं असतं. माझा बाप मरून पडला होता आणि मी शिवण तपासत होते. याची मला आता किळस येते.

तुझ्यावर राग नाही. तू खरं तेच सांगितलंस. उसवलं मी.

तेपाएरू


तोकोरोआ
१४ ऑक्टोबर १९८९

आत्या,

माझ्या त्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. दोन वर्षं मी समजत होते की भावाच्या दुःखाने तुझा हात उचलत नाही. नाताळला तुला कार्ड पाठवलं, गेल्या वर्षी पुन्हा पाठवलं. चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना करून घेतली.

परवा तेरेआपी रारोतोंगाहून उत्सव बघून आली. प्रत्येक बेटाने आपापली तिवाएवाए मांडली होती. मंगाइयाच्या मांडवात मधोमध तुझं होतं. तिने फोटो आणलाय आणि हॉलमध्ये हातोहात फिरवलाय. "अकाइतीचा सुरू" म्हणतात त्याला. तेरेआपी सांगत होती, अशी नवी गोष्ट बेटांवर तीस वर्षांत झाली नाही, म्हातारपणी बाईला काय सुचलं बघा, नमुना मागायला बायका रांग लावून उभ्या होत्या. मी म्हटलं, "दाखव."

सुरूचं झाड आहे हे खरं. किनाऱ्यावरचं आहे, आपलं आहे, कुणी नाक मुरडणार नाही. पण खालच्या फांद्या झुकलेल्या आहेत, आत्या, आणि सुरूच्या फांद्या तशा झुकत नाहीत. बोंडं काढून टाकली आहेस. मध्यावर फूल नाही.

नमुना मागायचा असतो, असं तू मला लिहिलं होतंस. ते मी विचारत नाही. घेतलास तर घेतलास. मला एकच विचारायचंय, आणि या वेळी तरी भीड ठेवू नकोस. तू त्याला सरपण म्हणालीस तेव्हा तुला तो वाईट वाटला होता का?

तेपाएरू


ओनेरोआ
३ डिसेंबर १९८९

तेपाएरू,

नाही. वाईट वाटला नव्हता.

फोटो आला तेव्हा मी तो पालथा घालून ठेवला होता. नंतर दिवसातून चार वेळा उलटून बघायचे. पंचेचाळीस वर्षं लोक मला ताउंगा म्हणतात. मी कापलेलं पान न् पान आईचं आहे, आणि आईचं तिच्या आईचं. माझं असं मी एकदाही कापलेलं नाही. लहानपणी कापायला जायचे तर आई मागून म्हणायची, "हे काय आता?" ती गेली, तरी कात्री हातात घेतली की तेच ऐकू यायचं आणि मी मुकाट्याने निरफणसाकडे वळायचे. यालाच शिस्त म्हणतात असं मला वाटत आलं. मी तुलाही तेच म्हणाले, "हे काय आता." फक्त जरा लांबवून लिहिलं.

तू एका बोथट कात्रीने, कुणाला न विचारता करून बसलीस. मला मत्सर वाटला. साध्या शब्दांत लिहिते म्हणजे तुला वाचायला अवघड जाणार नाही. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळेच. फोटो समोर ठेवून कापत होते आणि मध्यावर प्रत्येक वेळी भोक पडत होतं. चार कापडं वाया गेली. मग तुला लिहिलं की ते सरपण आहे. शिकायला येणारी मुलगी वगैरे कुणी नव्हती.

तुतेरूने काय मागितलं ते तुझ्या पत्रात वाचलं. त्या दिवशी कबूल करायला हवं होतं. त्याऐवजी मी कापड घडी घातलं. मनाशी म्हटलं, हे त्याच्यासाठी. रविवारी बायकांना दाखवलं तर पाद्र्याची बायको म्हणाली, "अकाइती, हे नवीन आहे." हा शब्द माझ्याबद्दल कुणी कधी उच्चारला नव्हता. तो मला इतका गोड लागला की तुझं नाव ओठावर येईना. पुढे रोज अवघड होत गेलं.

जास्वंदीबद्दल मी खरं बोलले होते. बोंडं वाईट होती हेही खरं. बाकीच्यात किती खरं होतं, ते माझं मलाच आता निवडता येत नाही.

तू म्हणशील तर पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभी राहून सांगते की नमुना तुझा. मी पासष्टची झाले. माझ्या अंगावर घालायला तू पाईन कर, अशी माझी इच्छा आहे. आधी फोटो पाठव. कुठे कमी पडतंय ते सांगेन. आता खरं तेच सांगेन.

अकाइती


तोकोरोआ
२३ सप्टेंबर १९९०

अकाइती आत्या,

नऊ महिने लागले उत्तर द्यायला.

चर्चमध्ये उभी राहू नकोस. लोक म्हणतील, म्हातारीचं मन बघा केवढं मोठं. तेही तुलाच मिळेल.

मत्सराचं मला समजलं. खोटं लिहीत नाही, मला कुणी असा फोटो पाठवला असता तर मीही तो पालथा घातला असता. पण तू बोंडं वाईट होती असं लिहिलंस ना, तिथे मी अडले. म्हणजे काय झालं असतं? वाईट बोंडांचा माझा पाईन बाबांच्या अंगावर गेला असता, आणि त्यांना तोच हवा होता. तुझी बिनचूक पानं त्यांनी बाजूला सारली होती. तू कितीही कडक असलीस तरी स्वच्छ बघतेस, एवढ्या भरवशावर मी माझा बाप फसवला. तुला सोडायला मी तयार आहे. मला कोण सोडेल ते कळत नाही.

जानेवारीत पुन्हा पाईन कापायला बसले. पहिलं कापड उघडलं, आवडलं, आणि लगेच ऐकू आलं, "हे काय आता." फेकलं. दुसऱ्याला मुद्दाम हट्टाने चांगलं म्हटलं. ते खरोखर वाईट होतं. म्हणजे मला तुझ्यावर विश्वास नाही आणि माझ्यावरही नाही, अशी दशा. तिसरं, चौथं असंच गेलं. इतकं कापड फुकट घालवल्यावर माणूस मनातल्या मनात तुला विचारायला कंटाळतो. पाचवं कापण्याआधी एका रविवारी बारा नंबरच्या रस्त्यावर चालत गेले आणि दुपारभर झाडांखाली उभी राहिले. बोंड फांदीला कसं धरून असतं ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी इतकी वर्षं तुझ्या जिभेला दोष देत होते. घरी येऊन कापलं. उघडल्यावर बऱ्याच गोष्टी खटकल्या, पण त्या सगळ्या झाडाच्या तुलनेत खटकल्या, तुझ्या नाही. त्या मी एकेक करून सुधारत गेले, जमल्या तेवढ्या. अख्खं एकटीने शिवलं.

ऑगस्टच्या शेवटी पुना गेला. तू त्याला ओळखत नाहीस, बाबांच्या पाळीत करवतीवर होता. बायको नाही, बहीण नाही, घरात सुई धरणारं कुणी नाही. त्याच्यासाठी इस्पितळाची करडी चादर काढून ठेवलेली मी पाहिली, मीच धुतलेली. घरी जाऊन पाईन आणला आणि त्याला गुंडाळलं.

तेरेआपी उभी राहिली. वाकून फांद्या पाहिल्या. मग म्हणाली, "हा अकाइतीचा सुरू. आपल्या तेपाएरूने छान उतरवलाय, थोडा बदल केलाय." सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. शेजारची मला थोपटून म्हणाली, "आत्याचं नाव राखलंस हो."

मी तोंड उघडलं होतं. पण पुना समोर पडला होता, त्याच्या डोक्याशी कुणी नव्हतं, तिथे मी नमुना कुणाचा हे भांडण काढायचं का? बसून राहिले. नंतर सगळ्यांबरोबर डोनट खाल्ले. पुढचे दोन दिवस धुलाईघरात यंत्रं चालू असताना तुला मोठमोठ्याने शिव्या दिल्या.

तुझ्यासाठी पाईन करणार नाही. तुझा सुरू आहे तुला, तो घालतील, आणि चांगला आहे तो. मी काहीही म्हटलं तरी चांगला आहे. माझ्याचा फोटो मागू नकोस, काढलेला नाही. तो आता इथल्या मातीत आहे आणि सुरूची नक्कल म्हणून गेला आहे.

पुढचं कापड टेबलावर घडी घालून ठेवलंय. काय कापणार ते मला दिसतंय. पाईनमध्ये तीन चुका राहिल्या होत्या. दोन तेरेआपीलाही दिसल्या असत्या, तिसरी फक्त कापणारीला दिसेल अशी आहे. कुठे ते मला ठाऊक आहे, आणि तुला मी ते सांगणार नाही.

तेपाएरू